शाळेतून एक दिवस रजा, मतदान केंद्रावर पंधरा तास: कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थी पोल वर्कर योजनेचा आढावा

कॅलिफोर्नियात सोळा वर्षांच्या मुलाला मत देता येत नाही, पण मतदान केंद्रावर बसून इतरांचं मतदान नीट पार पाडता येतं. त्यासाठी शाळेची रजा मिळते आणि बहुतेक काउंटींत (म्हणजे इथल्या जिल्ह्यांत) मानधनही मिळतं. येती सार्वत्रिक निवडणूक मंगळवारी, ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात, तेव्हा घरात हायस्कूलचं मूल असेल तर या योजनेचा विचार ऑगस्टमध्येच करायला हवा.

आमचा कौल पाचपैकी चार तारे. काम अस्सल आहे, जबाबदारी खरी आहे आणि नागरिकशास्त्राचं पुस्तक वर्षभरात जे शिकवत नाही ते एका दिवसात हाताखालून जातं. एक तारा दोन कारणांनी कापला. शाळेच्या हजेरीपटावर रजा बरोबर लागते की नाही, याकडे काउंटी बघत नाही. ते घरच्यांनाच बघावं लागतं. आणि आपल्या समाजातली कितीतरी हुशार, उत्सुक मुलं केवळ व्हिसामुळे दाराबाहेर राहतात.

महाराष्ट्रात रजेचा हा प्रश्न उद्भवतच नाही. मतदानाच्या दिवशी सुट्टी असते, केंद्र बहुधा शाळेतच असतं आणि गुरुजी-बाई आदल्या दिवशीच यंत्रं घेऊन इलेक्शन ड्यूटीवर रवाना झालेले असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची किंवा एनसीसीची मुलं दारात व्हीलचेअर घेऊन उभी असतात, पण यादीत नाव शोधण्याचं, सही घेण्याचं काम सरकारी कर्मचाऱ्यांचं. इथे मात्र मंगळवारी शाळा नेहमीसारखी भरू शकते, आणि मतदान केंद्रावरचे बहुतेक कर्मचारी म्हणजे एका दिवसासाठी नेमलेले साधे नागरिक असतात. त्यांच्याच रांगेत विद्यार्थ्याला खुर्ची मिळते.

कुणाला घेतात ते आधी. इलेक्शन्स कोडचं कलम १२३०२ हा या योजनेचा पाया. मतदानाच्या दिवशी वय किमान १६ हवं, हायस्कूलमध्ये शिकत असायला हवं, जीपीए (शाळेतल्या श्रेणींची सरासरी) ४ पैकी किमान २.५ हवा, पालकांची आणि शाळेची परवानगी हवी, काउंटीचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. एका केंद्रावर जास्तीत जास्त पाच विद्यार्थी, तेही मोठ्या कर्मचाऱ्यांच्या थेट देखरेखीखाली. मतमोजणीला विद्यार्थ्याने हात लावायचा नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

शेवटची अट आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाची: मूल अमेरिकेचं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवं. एच-फोर व्हिसावरची, म्हणजे आई किंवा बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून इथे राहणारी मुलं यात बसत नाहीत. ‘आम्ही मानधन घेणार नाही, नुसती सेवा करू’ असं म्हणून यातून वाट निघत नाही, कारण अट पैशाशी नाही, नेमणुकीशी बांधलेली आहे. दोन-तीन वर्षांचे असताना इथे आलेले, याच शाळांत वाढलेले, ग्रीन कार्डच्या रांगेत आईबाबांबरोबर ताटकळणारे विद्यार्थी वर्गातल्या मैत्रिणींना फॉर्म भरताना बघतात. हे सलतं, आणि सलायलाच हवं. त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आहे, तिच्याबद्दल पुढे.

ग्रीन कार्डवरच्या मुलांनी एका जागी डोळ्यांत तेल घालून सावध राहावं. १६ आणि १७ वर्षांच्या नागरिकांना कॅलिफोर्नियात मतदार म्हणून पूर्वनोंदणी करता येते, आणि पोल वर्करची भरती व पूर्वनोंदणीची मोहीम शाळेत अनेकदा एकाच टेबलावर चालते. दोन फॉर्म शेजारी-शेजारी. पोल वर्करच्या अर्जाला ग्रीन कार्ड चालतं. पूर्वनोंदणीला चालत नाही. तिथे ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण करून सही केली, तर ते नागरिकत्वाचा खोटा दावा केल्यासारखं धरलं जाऊ शकतं. इमिग्रेशन कायद्यात त्याचे परिणाम अतिशय गंभीर आहेत. पुढे नागरिकत्व अडू शकतं, देश सोडण्याची वेळही येऊ शकते. ‘पोरगं चुकलं’ एवढ्यावर ते प्रकरण मिटेल असं धरून चालू नका. फॉर्म घरी आणायचा, वाचायचा, मगच सही, हा नियम मुलांना आधीच सांगून ठेवा.

याची उलट बाजूही आहे. आई किंवा बाबा नागरिक झाले असतील आणि मूल तेव्हा अठराच्या आत, ग्रीन कार्डवर, त्यांच्याच ताब्यात राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. पासपोर्ट काढायचा राहून गेल्यामुळे अनेक घरांत मूल अजून ‘ग्रीन कार्डवालं’च समजलं जातं. अर्जाआधी पासपोर्ट काढून घेतला की प्रश्न मिटतो.

आता रजेकडे. कायद्याने या रजेला दोन दारं ठेवली आहेत आणि दोन्ही एज्युकेशन कोडच्या कलम ४८२०५ मध्ये आहेत. दिवाळीसाठी मुलांना घरी ठेवताना धार्मिक सणाची रजा ज्या कलमाखाली मागतात, तेच हे कलम. पहिलं दार म्हणजे कलम १२३०२ खाली केंद्रावर नेमणूक झाल्याची रजा. दुसरं दार २०२२ च्या एका कायद्याने उघडलं: सहावी-सातवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना शालेय वर्षात एक पूर्ण दिवस ‘नागरी किंवा राजकीय कार्यक्रमा’साठी मिळतो, मात्र शाळेला आधी कळवावं लागतं. त्याच्या व्याख्येत मतदान आणि पोल वर्करचं काम तर आहेच, शिवाय जाहीर सुनावणीत बोलणं, उमेदवाराचं भाषण, टाउन हॉलची सभा हेही येतं. एकापेक्षा जास्त दिवस हवे असतील तर ते शाळेच्या प्रशासनाच्या मर्जीवर.

नेमणूक झालेल्या मुलाची रजा पहिल्या दारातूनच मागा. अटेंडन्स ऑफिसला सोपं पडतं म्हणून दुसऱ्या दारातून गेलात, तर वर्षाचा एकुलता एक नागरी दिवस खर्ची पडतो, आणि मार्चमध्ये सिटी कौन्सिलपुढे किंवा स्कूल बोर्डापुढे बोलायचं असलं तर हात रिकामे. पहिल्या दारात दिवसांची अशी मर्यादा लिहिलेली नाही. ज्या काउंटींत ‘व्होट सेंटर’ पद्धत (काउंटीतल्या कुठल्याही मतदाराला कुठल्याही केंद्रावर मत देता येतं) आहे तिथे काही केंद्रं मतदानाच्या दिवसासह ११ दिवस आणि बाकीची ४ दिवस उघडी असतात. सोमवार-मंगळवार असे दोन दिवस मागितले गेले तर हा फरक लगेच कामी येतो.

आणि एच-फोरवरच्या मुलांची वाट हीच, दुसरी. नागरी दिवसाच्या तरतुदीत नागरिकत्वाची अट नाही. त्या दिवशी मूल सिटी कौन्सिलची किंवा काउंटी बोर्डाची बैठक पाहू शकतं, सुनावणीत शाळेच्या रस्त्यावरच्या सिग्नलबद्दल दोन मिनिटं बोलू शकतं. मतदान केंद्राचं कामकाजही इथे लोकांना निरीक्षक म्हणून पाहता येतं, फक्त मतदारांच्या वाटेत यायचं नाही आणि कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणायचा नाही. खुर्चीची भरपाई यातून होत नाही, पण दिवस वाया जात नाही.

खरी गडबड कुठे होते? सहीत. शाळेची परवानगी म्हणून काउंटीच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची किंवा त्यांनी नेमलेल्या काउन्सेलरची सही होते. मूल आणि पालक समजतात, शाळेला कळलं. शाळेला कळलेलं नसतं. तो कागद काउंटीकडे गेलेला असतो, आणि हजेरी पाहणाऱ्या खिडकीवर त्याचा पत्ताच नसतो. मंगळवारी सहा तासांना सहा गैरहजेऱ्या लागतात आणि संध्याकाळी पालकांच्या फोनवर शाळेचा रेकॉर्ड केलेला निरोप येतो. ठराविक दिवसांत खुलासा गेला नाही तर नोंद ‘विनापरवानगी’ म्हणून तशीच राहते. कॅलिफोर्नियात वर्षभरात असे तीन पूर्ण दिवस झाले की विद्यार्थी कायद्याने ‘ट्रुअंट’, म्हणजे शाळा बुडवणारा, ठरतो. वैध कारणाने घेतलेला दिवस त्या तिनांत मोजला जाऊ देऊ नका.

म्हणून कागदाचा क्रम पक्का ठेवा. ऑगस्टच्या शेवटी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचा विद्यार्थी अर्ज घ्या. प्रत्येक काउंटीचा वेगळा असतो, शेजारच्या काउंटीचा चालत नाही. जीपीएची खातरजमा आणि सही काउन्सेलरकडून सप्टेंबरच्या सुरुवातीलाच करून घ्या, कारण पुढे हीच माणसं सीनियर (बारावीच्या) मुलांच्या कॉलेज-शिफारशींत बुडालेली असतात. सही झालेल्या कागदाचा फोटो काढा. काउंटीकडून नेमणुकीची ईमेल आली की दोन-चार दिवसांत अटेंडन्स ऑफिसला पालकांनी स्वतः लिहावं. मुलाचं नाव, विद्यार्थी क्रमांक, तारीख, आणि कारणाच्या जागी कायद्याचेच शब्द: इलेक्शन्स कोड १२३०२ नुसार प्रिसिंक्ट बोर्डाचा (मतदान केंद्राच्या कर्मचारी मंडळाचा) सदस्य म्हणून काम, एज्युकेशन कोड ४८२०५ नुसार रजा. सोबत नेमणुकीची ईमेल जोडा. नुसतं ‘व्हॉलंटियर करायला जातोय’ असं लिहू नका. त्या शब्दाला हजेरीच्या यादीत जागा नसते आणि समोरचा माणूस सोयीचा कोड टाकून मोकळा होतो. बुधवारी काउंटीचं प्रमाणपत्र किंवा केंद्रप्रमुखाच्या सहीची चिठ्ठी नेऊन द्या आणि गुरुवारी पोर्टलवर हजेरी उघडून पाहा.

शाळा कधी कधी थंड प्रतिसाद देते, त्यामागचं एक कारण पालकांना सहसा ठाऊक नसतं. कॅलिफोर्नियात शाळांना राज्याचा निधी रोजच्या सरासरी उपस्थितीवर मिळतो, आणि वैध रजेच्या दिवसाचाही निधी मिळत नाही. रजा मंजूर असो वा नसो, त्या दिवशी शाळेच्या तिजोरीत फरक पडतोच. हे समजलं की खिडकीवरच्या माणसाशी वाद न घालता बोलता येतं. राज्याने एवढ्या एका कारणाची तरी भरपाई शाळांना द्यावी, असं आमचं ठाम मत आहे. मुलांना निवडणुकीच्या कामाला पाठवा म्हणायचं आणि पाठवणाऱ्या शाळेचेच पैसे कापायचे, हे पटत नाही.

बुडलेल्या अभ्यासाबाबत कायदा मुलाच्या बाजूने आहे. त्या दिवशीचं जे काम किंवा परीक्षा देणं शक्य आहे ते नंतर पूर्ण करू द्यावं लागतं, आणि वाजवी मुदतीत केलं तर पूर्ण गुण मिळतात. चाचणी मात्र तीच मिळेल असं नाही. तोडीची दुसरी देण्याचा अधिकार शिक्षकांना आहे. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल किंवा गटाने करायचं सादरीकरण त्या दिवशी असेल तर आधीच्या आठवड्यात बोलून तारीख बदलून घ्या. खेळाडू मुलांनी कोचला वेगळं सांगावं, कारण संघाचे नियम हजेरीच्या नियमांहून निराळे असतात. सीनियर मुलांच्या कॉलेजच्या ‘अर्ली’ अर्जांची १ नोव्हेंबरची मुदत निवडणुकीच्या दोनच दिवस आधी संपते, तेव्हा मंगळवारी मुलाच्या झोपेचं खोबरं झालेलं असणार हे गृहीत धरा.

प्रत्यक्ष दिवस लांब असतो. पहाटे सहाला हजर. टेबलं, पडदे लावलेली मतदानाची खोकी, फलक, शंभर फुटांची हद्द दाखवणाऱ्या पाट्या. त्या हद्दीत प्रचार चालत नाही, टोपी-बिल्ला-टीशर्टवरचाही नाही. मतपेटी उपस्थितांसमोर उघडून रिकामी असल्याचं दाखवून बंद करतात. सात वाजता मतदान सुरू, रात्री आठला बंद, पण आठला रांगेत असलेला प्रत्येक जण मत देऊनच जातो. आवराआवर धरून निघायला नऊ-साडेनऊ होतात, कधी दहा.

काम काय पडतं, ते काउंटीप्रमाणे बदलतं, पण २०२१ च्या कायद्यापासून प्रत्येक सक्रिय मतदाराला घरी टपालाने मतपत्रिका जाते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या वाट्याला सर्वाधिक येतात ते भरलेले लिफाफे घेऊन येणारे लोक. लिफाफा पेटीत पडण्याआधी एकच गोष्ट बघायची: मतदाराची सही. सहीविना लिफाफा आला की काउंटीला त्या मतदाराला शोधून सही घ्यावी लागते, आणि दारात उभ्या मुलाच्या एका वाक्याने ते सगळं टळतं. दुसऱ्या कुणी आणून दिला असेल तर आणणाऱ्याची माहितीही लिफाफ्यावर भरलेली हवी. ही खुर्ची कमी महत्त्वाची वाटते, पण सोळा वर्षांच्या कर्मचाऱ्याच्या हातून सर्वाधिक मतं इथेच वाचतात.

नव्या मुलांच्या चुकाही ठरलेल्या असतात. पहिली, सवयीने ओळखपत्र मागणं. सध्या इथे बहुतेक मतदारांना ओळखपत्र दाखवावं लागत नाही. नाव आणि पत्ता सांगून सही करायची. ठराविक नव्या मतदारांचा अपवाद यादीवरच दाखवलेला असतो, मनाने विचारायचं नाही. दुसरी, यादीत नाव सापडलं नाही की माणसाला परत पाठवणं. कुणालाही परत पाठवायचं नसतं: प्रोव्हिजनल मतपत्रिका (पात्रता तपासून मग मोजली जाणारी) असते, त्याच दिवशी नोंदणी करून मत देण्याची सोयही असते. आपल्याला उकललं नाही तर केंद्रप्रमुखाला हाक मारायची, तेवढंच. तिसरी, घरी आलेली मतपत्रिका असूनही केंद्रावर मत द्यायला आलेल्या मतदाराकडून ती परत घ्यायची राहून जाणं.

अर्जात ‘कोणत्या भाषा येतात’ असा रकाना असतो. मराठीत मतपत्रिका मिळत नाही; लॉस एंजेलिस काउंटीसारख्या काही ठिकाणी हिंदीत साहित्य असतं. मुलाला हिंदी ‘समजतं’ आणि मुलगा हिंदीत लिफाफ्याची पद्धत समजावून सांगू शकतो, यात फार अंतर आहे, म्हणून खरं तेच लिहा. मराठी मात्र कुठेच लिहिलेली नसली तरी उपयोगी पडते. मुलांकडे आलेल्या आणि आता नागरिक झालेल्या आजी टेबलापाशी येतात, समोरचा चेहरा पाहून मराठीत विचारतात, ‘बाळ, कुणाला देऊ?’ उत्तर ठरलेलं हवं: ‘आजी, ते मला सांगता यायचं नाही. गोल कसा भरायचा ते दाखवते.’ मत भरायला मदत हवीच असेल तर मतदाराला आपल्या पसंतीची दोन माणसं सोबत घेता येतात. मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी मात्र चालत नाही.

प्रशिक्षण काही तासांचं, बहुधा ऑक्टोबरमध्ये, अनेकदा शनिवार-रविवारी. मराठी शाळेच्या तासाशी गाठ पडते, तेव्हा शाळेच्या ताईंना आधी सांगून ठेवा. प्रशिक्षण चुकलं की नेमणूक जाते.

घरी परतण्याची व्यवस्था आधी ठरवा. अठराच्या आतल्या मुलाला लायसन्स मिळाल्यापासून पहिले १२ महिने रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही, आणि मोठं कुणी शेजारी नसताना २० च्या आतलं माणूस गाडीत बसवता येत नाही. म्हणजे पहाटे सहासाठी निघताना अडचण नाही, पण ‘मैत्रिणीला वाटेत घेते’ हे नियमात बसत नाही. केंद्र लांबचं मिळालं तर आईबाबांपैकी एकाने दोन्ही वेळा जायची तयारी ठेवा.

डबा दोन वेळचा द्या. गराजमध्ये किंवा जिममध्ये भरलेल्या केंद्रावर मायक्रोवेव्ह असेलच असं नाही, म्हणून गार खाता येईल असं हवं: पोळी-भाजीचे रोल, दशम्या, गुळपोळी, संत्र्याच्या फोडी. सकाळी उघड्या दारातून थंडी येते, दुपारी उकडतं, तेव्हा कपड्यांचे थर घाला. बूट आरामाचे. फोन पिशवीत, मतदार दिसेल असा फोटो काढायचाच नाही. दहा ते तीन शुकशुकाट असतो, पाचनंतर झुंबड. त्या रिकाम्या वेळात पुस्तक वाचू देतात का, ते केंद्रप्रमुखाला सकाळीच विचारा.

मानधनाचा आकडा काउंटीनुसार वेगळा, चेक यायला काही आठवडे लागतात. काही ठिकाणी त्याऐवजी समाजसेवेचे तास लावून घेता येतात. शाळेला तास हवे असतील तर दोन्ही मिळतील का, हे अर्जाच्या वेळीच विचारून घ्या.

दुसऱ्या राज्यांतल्या नातलगांनी हेच नियम धरून चालू नये. मिनेसोटात १६-१७ वर्षांच्या विद्यार्थ्यांना ‘ट्रेनी इलेक्शन जज’ म्हणतात, तिथे नागरिकत्व लागतंच, एका केंद्रावर त्यांची संख्या एक-तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाहीत आणि रात्री दहानंतर त्यांना थांबवून ठेवता येत नाही. ही शेवटची अट कॅलिफोर्नियाने उचलावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच तासाला कॅल्क्युलसची चाचणी असलेल्या मुलीला आवराआवरीसाठी दहापर्यंत उभं ठेवण्यात काही शहाणपण नाही. तोवर पालकांनी नेमणुकीच्या ईमेलला उत्तर देतानाच निघण्याची वेळ लिहून मागावी, आणि काउंटी अर्ध्या दिवसाची पाळी देत असेल तर पहिल्या वर्षी दुपारनंतरची घ्यावी: झुंबडही बघायला मिळते, आठचा दरवाजाही.